बिनधुराची नानकटाई

शिरूरच्या बाजारपेठेत निखतभाभी एखाद्या दुकानात शिरली, की मालक आधी एक पंखा बंद करतो आणि मग ‘या भाभी’ म्हणतो. पंखा चालू राहिला तर तिची खरेदी बाजूला राहते. ती इकडंतिकडं बघून विचारते, “ह्या पंख्याखाली कोन बसलंय? मला दिसंना म्हनून इचारते.” एकदा कापडवाल्याकडं दिवसाढवळ्या जळणारे दिवे तिनं स्वतः उठून मालवले. कापडवाला कळवळला, “भाभी, गिऱ्हाइकाला रंग दिसाया पायजेल का न्हाई?” ही म्हणाली, “मंग कापड घिऊन उनात चला की.” आणि दोन बाया खरंच ठाण काखोटीला मारून रस्त्यावर गेल्या.

ही खोड माहेरची. माहेर दौंडचं, रेल्वेच्या क्वार्टरमधलं. वडील रेल्वेत फिटर. दमलेला माणूस घरी आला की पाणी मागतो. ते आधी घरभर हिंडून गळके नळ पिळत, बटणं खाली करत आणि ‘फुकट काय जळतंय?’ असा पुकारा करत. त्यांच्यामागं दुडूदुडू फिरत ही मोठी झाली. मग राहिलशी लग्न होऊन शिरूरला न्यू गुलशन बेकरीत आली. जुनी गुलशन बेकरी कधीच नव्हती. पण राहिलच्या आजोबांना पाटीवर ‘न्यू’ हवं होतं, म्हणून ती आजतागायत न्यूच आहे.

सासरे पाशाचाचा बेकरीचे मालक. राहिल टेम्पोवर पाव पोचवायचा आणि घरात वाद निघाला की त्याला हमखास एखादी डिलिव्हरी आठवायची. त्यामुळं मैदान सून आणि सासरे या दोघांनाच मोकळं होतं.

आल्या आल्या निखतनं मैद्याची रिकामी पोती धुऊन त्यांच्या पिशव्या शिवल्या आणि प्लास्टिक बंद केलं. पोत्यावरचा छाप काही निघेना, म्हणून निम्मं शिरूर ‘हूक वापरू नये’ असं लिहिलेल्या पिशवीतून मेथी नेऊ लागलं. अंड्यांची टरफलं शेतकऱ्यांच्या झाडांना गेली, खारीचा चुरा पुड्यांत गेला, परातीचं धुवण कडुनिंबाला गेलं. पाशाचाचा बघत राहिले. पिशवीत काय आणि परातीत काय, त्यांचं काही जात नव्हतं. मग एक दिवस ती भट्टीसमोर कंबरेवर हात देऊन उभी राहिली, आणि चाचांनी हातातला चहा खाली ठेवला.

भट्टी त्यांच्या वडिलांनी बांधलेली. बाभळीची लाकडं ट्रॅक्टरनं यायची आणि धुरांड्यावाटे आभाळात जायची. ते धुरांडं घोडनदीच्या पुलावरून दिसायचं. धूर दिसला की पाव निघाला, असं गाव समजायचं. चाचा लांबच्या लग्नाहून परतताना एसटीच्या खिडकीतून आधी धूर शोधायचे आणि मगच पायात चप्पल घालायचे.

“अब्बा,” निखत म्हणाली, “आपन पाव भाजतोय का आभाळ?”

याला कारणही तसंच घडलं होतं. सणसवाडीच्या एका मोठ्या कंपनीच्या कँटीनला रोजचा पाव हवा होता. हजारांनी कामगार, तीन पाळ्या, आणि मिसळीशिवाय कुणाची पाळी सुरू होत नव्हती. कंपनीच्या पर्यावरण अधिकारी प्रगती मॅडम स्वतः बेकरी बघून गेल्या. खारी खाऊन खूश झाल्या, धुरांडं बघून गंभीर झाल्या. “निखतताई, आमची कंपनी आता धूर करणाऱ्याकडून टाचणीसुद्धा घेत नाही. धूर बंद करा, पाव तुमचा.”

निखतनं छपरावर सोलर पॅनेल बसवले आणि बाजूच्या खोलीत विजेचा ओव्हन आणला. माणसाएवढा उंच, चकचकीत, दाराला काच. उत्तर प्रदेशातून आलेला कारागीर त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, “भाभी, ये भट्टी नहीं है. ये फ्रिज का बड़ा भाई है.”

पाशाचाचा तर त्या खोलीत पाऊलच टाकेनात. उंबऱ्यावरूनच म्हणाले, “कपाटात पाव ठिवत्यात, भाजत न्हाईत. आन् दिवाळीचं काय करशील गं?”

दिवाळी हा न्यू गुलशनचा खरा सण. ईदेला चाचा नवा शर्ट घालायचे, पण दिवाळीला तो शर्ट तुपानं माखायचा. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या बाया मैदा, रवा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून आणायच्या आणि बेकरीत नानकटाई भाजून घ्यायच्या. अंगणात सतरंज्या टाकून दिवसभर बसायच्या. आपली नानकटाई दुसरीच्या डब्यात जाऊ नये म्हणून प्रत्येकीची खूण वेगळी. कुणी चारोळी दाबायची, कुणी काट्याच्या रेघा ओढायची, एक तर जावेचा भरवसा नाही म्हणून चारोळी आणि रेघा दोन्ही. तरी डबा भरताना भांडण व्हायचंच. भट्टीच्या खोलीत आग म्हणून बायांना कधी सोडलं नव्हतं, आणि त्यामुळं कारागीर दर ट्रेमागं दोनचार नानकटाया खातो, हा संशय पिढ्यान्‌पिढ्या जपलेला होता.

चाचांनी अट घातली. “दिवाळीपत्तोर बघू. बाया टिकल्या तर तुझं कपाट टिकलं. बाया म्हागारी गेल्या तर कपाट जाईल आन् भट्टी पेटंल.”

“आन् कंपनीचा पाव?”

“कंपनी काल आली. बाया माझ्या आईच्या काळापासनं येत्यात.”

निखतनं हात पुढं केला. चाचांनी सुनेशी हात मिळवायचा का नाही याचा विचार केला आणि तिच्या हातात खारी ठेवली. करार झाला.

दिवाळीच्या आधी पहिला मान गिताबाईचा. गिताबाई धनगरवस्तीवरची. आता सगळी बागाईत, पण पूर्वी मेंढरं हाकायची सवय आवाजात राहिलेली. तिनं हाक मारली की पिकअपमधल्या बारा बाया एका दमात उतरायच्या. त्या दिवशीही उतरल्या. गिताबाईनं मान वर केली, धुरांडं बघितलं आणि डबा खाली ठेवलाच नाही.

“भट्टी गार हाय.”

“मावशी, आता ओव्हन हाय,” निखत पुढं झाली. “विजेवर चालतो. वीजबी उनाची. धूर न्हाई, राख न्हाई, झाड तोडाया नको.”

“म्हंजी नानकटाईला करंट देनार?”

“करंट न्हाई वो, उष्णता!”

“माझी नात दात येत्यात म्हनून चघळती. तिला शॉक बसला मंजी?”

निखतनं मग सगळं सांगितलं: धूर फुप्फुसात कसा जातो, बाभळी किती जुन्या असतात, ऊन फुकट कसं असतं. तिला वाटलं, समजतंय. बाया माना डोलवत होत्या. शेवटी गिताबाई म्हणाली, “लई ग्वाड बोलतीस. शिकल्याली हाईस.” आणि डबा कमरेवर घेऊन ती समोर मुजीबच्या बेकरीकडं वळली. मुजीबचं धुरांडं काळंकुट्ट धूर ओकत होतं. मुजीबनं दारातूनच आधी पाशाचाचांना सलाम घातला आणि मग बायांना सतरंजी. त्या सलामानं चाचांचा चेहरा जो उतरला, तो जेवताना मटणाची बोटी खाऊनही वर आला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र चमत्कार झाला. गिताबाईची चुलत जाऊ आली, तिच्यामागं वस्तीवरच्या आणखी बाया आल्या, आणि दुपारी खुद्द गिताबाई उरलेला मैदा घेऊन हजर. “मुजीबनं करपीवली,” एवढंच बोलली. अंगण भरलं. निखत ओव्हनच्या खोलीतून बाहेर डोकवायची, ट्रे घ्यायची आणि मनात म्हणायची, काल बोललेलं पटलं बायांना. अधूनमधून धुराचा वास यायचा. ती नाक मुरडायची, “ह्या मुजीबला कवा अक्कल येनार कुनास ठाऊक.” सासरे दिसेनात. कारागिराला विचारलं तर म्हणाला, “चाचा पुरानी भट्टी साफ कर रहे हैं.” तिला भरून आलं. हरलेला माणूस निदान झाडूनपुसून तरी हरतोय.

गिताबाईनं पहिल्या घाण्याची नानकटाई मोडली, तोंडात टाकली आणि डोळे मिटले. “ह्याला म्हनत्यात भट्टीची चव! कसा खरपूस धूर लागलाय बगा. त्या कपाटात ह्यो वास आला आस्ता का?”

बाया म्हणाल्या, नसता आला.

तेवढ्यात फाटकातून प्रगती मॅडम आत आल्या. कळवून आल्या नव्हत्या. पुण्याहून नगरकडं चालल्या होत्या, पुलावरून धूर दिसला आणि गाडी वळवली. चेहरा लाल. “निखतताई! तुम्ही तर म्हणालात भट्टी बंद!”

“बंदच हाय, मॅडम.”

“मग वर काय आहे?”

निखत अंगणात आली आणि मान वर केली. न्यू गुलशनच्या धुरांड्यातून, कौलांच्या वर, मुजीबलाही लाजवील असा धूर निघत होता. तिनं पदर खोचला आणि मागच्या खोलीकडं पळाली. मागं मॅडम, मॅडमच्या मागं गिताबाई, आणि गिताबाईच्या मागं अख्खं अंगण.

भट्टीपुढं पाशाचाचा उकिडवे बसले होते. नवा शर्ट काळा, डोळे पाण्यानं भरलेले, हातात सूप. भट्टीत नारळाची ओली सोडणं आणि भिजवलेली पोती धुमसत होती. ट्रे एकही नव्हता.

“अब्बा! ही माझी पिशव्यांची पोती!”

“चांगली धुतल्याली हायेत,” चाचा खोकत म्हणाले. “त्यामुळंच धूर पांढरा येत हुता सकाळी.”

“इथं काय भाजताय?” मॅडमनी विचारलं.

चाचांनी मॅडमकडं बघितलं, मग दारात दाटलेल्या बायांकडं बघितलं, आणि सुपानं वारा घालायचं थांबवलं. भट्टीत नानकटाई भाजतोय म्हणावं तर कंपनीचा पाव गेला. नुसता धूर काढतोय म्हणावं तर बाया गेल्या. बाया गेल्या की अटीप्रमाणं ओव्हन गेला, आणि ओव्हन गेला की पुन्हा कंपनीचा पाव गेला. राहिलला त्याच क्षणी न्हावऱ्याची एक डिलिव्हरी आठवली.

निखतनं घाम पुसला. एकीकडं मॅडम, दुसरीकडं गिताबाई, आणि दोघींना एकच वाक्य ऐकू जाणार होतं. मग ती वडिलांच्या आवाजातच बोलली. “फुकट जळतंय हे. ही भट्टी रिकामी हाय. सकाळपासनं सगळी नानकटाई ओव्हनमधली हाय. मावशी, तुमच्या हातातलीबी.”

बायांच्या नजरा एकेक करून गिताबाईकडं वळल्या. गिताबाईनं हातातला अर्धा तुकडा बघितला, हुंगला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला. घाई करायची तिची पद्धत नव्हती.

“बराबर हाय,” ती म्हणाली. “म्हनूनच आज करपली न्हाई.”

“आन् धुराची चव?” तिची चुलत जाऊ पुटपुटली.

“ती मुजीबकडनं उडून आली आसंल. तू गप.”

पण गिताबाई तेवढ्यावर सोडणार नव्हती. “फसीवलं ते फसीवलंच, पाशाचाचा. आता मी डोळ्यांनी बगनार. कुटं हाय ते कपाट?”

बायांना भाजायच्या खोलीत घ्यायचं हे न्यू गुलशनमध्ये कधी घडलं नव्हतं. पण आग नाही, धग नाही, अडवायचं कशासाठी? निखतनं दार सताड उघडलं. आत ओव्हनमध्ये दिवा लागलेला, काचेमागं चार ट्रे, आणि ट्रेंवर चारोळीच्या, रेघांच्या, बदामाच्या तुकड्यांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या.

“आगं बया,” एकीनं काचेला नाक लावलं, “ही माझी!”

“सरक की, माझी कुटं हाय? खालच्या ट्रेला? खाली का ठिवली?”

“हिचीच कशी फुगली? हिनं सोडा जास्ती टाकला, मी बगितलं हुतं!”

“आन् कारागीर कुटं हाय? त्याला हितं समोर हुबा करा. हात दिसले पायजेत.”

कारागीर दोन्ही हात वर करून भिंतीला उभा राहिला. खोलीत अशी दाटी झाली, की मॅडमही काचेपुढं ढकलल्या गेल्या. त्या वाकून बघत होत्या, तोच गिताबाईचा कोपर बसला. “बाई, तुमची कुटली हाय त्यात? न्हाई ना? मंग सरका.”

पाशाचाचा काळ्या शर्टानं उंबऱ्यावर आले. क्षणभर आत जावं का नाही याचा विचार केला. मग आतली रेटारेटी त्यांच्यातल्या मालकाला बघवेना. “ए, रांगेत! रांगेत बगा! काच तापल्याली हाय, हात लावू नका! वरनं आन् खालनं अशी दोन्हीकडनं धग येती तिला, म्हनून सारखी फुगती. न्हाई न्हाई, शॉक कशाचा बसतोय? मी सांगतो ना!”

निखत त्यांच्याकडं बघतच राहिली. जरा गर्दी पातळ झाल्यावर हळूच म्हणाली, “अब्बा, बाया गेल्या अस्त्या तर तुम्ही जिंकला असता. मंग धूर कशापायी?”

चाचांनी डोळे चोळले. “गिताबाई मुजीबच्या सतरंजीवर बसली, ते बगितलं मी. तुझ्याकडनं हरलो तर घरात हरतो. त्याच्याकडनं हरायचं मंजी सगळ्या पेठेत.” मग शर्टाची काजळी झटकत म्हणाले, “आन् तू रात्रीची जेवली न्हाईस.”

प्रगती मॅडम तोवर बाहेर जाऊन आल्या होत्या. भट्टीतली पोती पाण्यानं विझवली होती, धुरांड्यावर जुना ट्रे उपडा ठेवून तारेनं आवळला होता, आणि हे सगळं त्यांनी समोर उभं राहून करून घेतलं होतं. “नुसता दाखवायचा धूर, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं,” त्या म्हणाल्या. “पाव सोमवारपासून. धूर दिसला तर मंगळवारी बंद.”

“सणाला उलीसा, वाईच वास यायापुरता...” चाचांनी सुरुवात केली.

“अब्बा!”

“बरं बरं.”

मॅडम जायला निघाल्या, फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. ओव्हनच्या खोलीकडं बघत, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “निखतताई, उद्या आईचा डबा घेऊन आले तर चालेल? ती दरवर्षी कुकरमध्ये करते. दगड होतात.”

निखत काही बोलायच्या आत आतून गिताबाईचा आवाज आला, “चालंल की! पर खून करून आना. आन् नंबर आमच्या वस्तीच्या मागं!”