बंबकाकांची वरची पायरी

बंबकाकांचा कपडे घातलेल्या माणसावर विश्वास नव्हता. "इंटरव्ह्यूत सगळेच शहाणे असतात. उघडा बसला की कळतो," म्हणायचे. म्हणून न्यू जर्सीतल्या आपल्या कंपनीत आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला ते शनिवारी सकाळी न्यूयॉर्कच्या एका जुन्या तुर्की हमामात नेत. शंभर वर्षं तिथली भट्टी विझली नव्हती, असं तेच सांगत. 'बंबकाका' हे नाव आम्ही पाठीमागे ठेवलेलं. तोंडावर नुसतं 'काका'.

तळघरात बसायला दगडी पायऱ्या होत्या. सर्वांत वरच्या पायरीवर सर्वांत जास्त धग. साठीतले काका तिथे मांडी घालून बसत आणि खाली बसलेल्यांना नावं ठेवत. मी पहिल्यांदा बनियन घालून गेलो, तर म्हणाले, "लग्नाला आलास का रे?" गळ्यातली चेन तापून मला चटका बसला तेव्हा पोट धरून हसले. बाहेर आल्यावर स्वतःच्या हातानं खोबरेल लावलं.

दोन हजार दोनच्या मंदीत प्रोजेक्टवर एकच जागा उरली आणि माणसं दोन: मी आणि माझा रूममेट शिरीष. जागा गेली की व्हिसा गेला. शिरीषची बायको सातव्या महिन्यात होती. काका वरच्या पायरीवरून म्हणाले, "आधी उठेल त्यानं बॅग भरायची." आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

त्या दिवशी संकष्टी होती. शिरीष साबुदाणा भिजवायला विसरला होता, त्यामुळे पोटात नुसतं पाणी. "सांगू नको यार, एक्स्क्यूज वाटेल," असं तो गाडीत म्हणाला होता. मी इतका आज्ञाधारक आयुष्यात कधी नव्हतो. त्याचे ओठ पांढरे पडले तरी मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो. तो उठला नाही, माझ्या खांद्यावर कलंडला. काकांनी त्याला बाहेर नेलं, लिंबूपाणी पाजलं, डोक्यावरून हात फिरवला आणि सोमवारी काढून टाकलं.

सहा वर्षांनी काका कायमचे भारतात निघाले. एअरपोर्टवर मला राहवलं नाही. "काका, त्या दिवशी शिरीषचा उपास होता."

"माहीत होतं. दर संकष्टीला तो ऑफिसात जेवायचा नाही, ते मला दिसत नव्हतं होय? तू सांगतोस का, ते बघत होतो."

"सांगितलं असतं तर?"

"तर तुला घालवला असता. दुसऱ्याची दया येणारा माणूस धंद्यात काय कामाचा?" त्यांनी माझा खांदा थोपटला आणि ते आत गेले.

मला ते तेव्हाही आवडायचे. अजूनही आवडतात, आणि त्याचीच लाज वाटते.