काखेत पिणारं पिलू

मंडईत कोबीच्या सोललेल्या पानांचा उग्र वास आला आणि मळ्यातलं आमचं घर आठवलं. नव्वदच्या दशकात तिथं नुकतंच केबल आलं होतं. टीव्हीवर मॅनेटी नावाचा पाण्यातला लठ्ठ, संथ प्राणी कोबीची पानं चघळत होता. समोर आई म्हशीसाठी तसलीच पानं निवडत होती.

"पिलू काखेत दूध पितंय बघ," ती म्हणाली.

"मासे कुठं दूध पाजतात, आई!" आठवीतली मी, विज्ञानात पहिली, खो खो हसले.

"मासा नाय तो. रेडकू पित असलं की आपली म्हैस पण अशीच गप उभी राहती."

आज मी जीवशास्त्र शिकवते. पिलाला पाजणाऱ्या मॅनेटीचं चित्र दाखवलं की मुलं हमखास 'मासा' म्हणतात. मी हसत नाही. "पिलानं तोंड कुठं लावलंय, ते आधी बघा," म्हणते.