आईच्या गळ्यातली पहिली

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते, कारण त्यासाठी मी नांदूरघाटहून केजपर्यंत वर्षानुवर्षं एसटीत उभी राहिले आहे. तरी पाटोद्याचं स्थळ आलं ते बिजवराचं. पहिली बायको वारलेली, हार्डवेअरचं दुकान जोरात. वडिलांचा होकार ठरलेला होता. मी सकाळपर्यंत हो म्हणायचं, एवढंच राहिलं होतं.

त्या दुपारी वडील दुकानात होते आणि आम्ही मायलेकी तूर निवडत होतो. डोक्यातलं जावं म्हणून मी मोबाईल डब्याला टेकवून एक जपानी भुताचा सिनेमा लावला, हिंदीतून बोलणारा. नवऱ्यानं छळून मारलेली पहिली बायको परत येते आणि नव्या नवरीच्या मागं उभी राहते. तोंडावर ओले केस, अंगात पांढरा पायघोळ झगा. अशी गोष्ट निघेल हे मला ठाऊक नव्हतं.

आईसुद्धा दुसरेपणावर दिलेली. मंगळसूत्राशेजारी तिच्या गळ्यात चांदीचा टाक असतो, नखाएवढ्या पत्र्यावर उठवलेली बाई. ती पहिली. मेलेल्या सवतीनं त्रास देऊ नये म्हणून दुसरीनं तिला असं गळ्यात वागवायचं, नवं लुगडं आधी तिला लावायचं, गोडधोड आधी तिला दाखवायचं. पाटोद्याच्या वारलेल्या बाईचा टाकही तयार आहे, असं मध्यस्थ सांगून गेला होता.

"पाय कुठायत तिचे?" आईनं विचारलं.

"तिकडच्या भुतांना पाय नसतात."

"आपल्याकडं उलटे का व्हईना, असत्यात तरी." थोडं पाहून ती म्हणाली, "ह्या दुसरीच्या गळ्यात तर कायीच न्हाई."

"जपानात टाक नसतो, आई."

"मंग ती पहिली बिचारी राहावी कुठं?"

नवरा पहिलीला मारतो तो प्रसंग आला. आईचा हात गळ्याशी गेला. भ्याली असेल असं मला वाटलं. पण तिनं टाक हलकेच उलटा केला, बाईचं तोंड आपल्या छातीकडं.

"हे कशाला?"

"तिनं बघू न्हाई म्हणून. लई भोगलंय तिनंबी."

या घरात पहिलीला काय झालं होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारलं नाही. तूर निवडत राहिले.

सिनेमा संपल्यावर आईनं टाक सरळ केला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाई, तू नको घालू. एकटीचंच उरकत न्हाई, दोघीचं कुठं उरकावं."

सकाळी वडील चहाला बसले तेव्हा मी सांगितलं, "मला पाटोद्याचं करायचं नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. मग नेहमीसारखा आवाज चढला. शिकवून चूक केली, आईनं फितवलं, आणि शेवटी ते जे दरवेळी म्हणतात तेच, "ती असती तर ह्या घराला वळण असतं."

मी आईकडं पाहिलं. ती चुलीपाशी मान खाली घालून भाकरी थापत होती. गळ्यातला टाक उलटा होता. वडील बोलायला लागायच्या आधीच तिनं तो वळवून ठेवला होता.