चोराचा रस्ता

अमरेशचा स्वभावच संशयी. आमटीत मीठ कमी पडलं तरी यात कुणाचा तरी हात आहे असं त्याला वाटणार! चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात तो मालाची तपासणी करतो, ते ठीक. पण घरी आल्यावरही तपासणी सुटत नाही. गाड्यांच्या शर्यतीचा एक ऑनलाइन खेळ तो खेळतो. त्यात लोक आपापले ट्रॅक बनवतात, आणि कुठला ट्रॅक कुणाचा, त्याचं नाव काय, किती अवघड, ही यादी ठेवायचं काम अमरेशकडं. पगार छदाम नाही, रुबाब मात्र मामलेदाराचा.

नियम त्यानंच केलेले. ट्रॅक शेवटपर्यंत चालवल्याशिवाय यादीत घ्यायचा नाही. आणि एकदा नोंदवलेलं नाव बदलायचं नाही, कारण सगळ्यांचे विक्रम त्या नावावर चढतात.

त्याचा स्वतःचाही एक ट्रॅक होता, अर्धवट, कुणालाच न दाखवलेला. वडील गुरुबसप्पा अक्कलकोट रोडला दुधाचा टेम्पो चालवायचे. ते गेल्यापासून अमरेश तोच रस्ता बांधत होता. अप्पांचं एवढंच काय ते त्याच्या हातात उरलं होतं.

एका रविवारी कुणा 'पाखरू'चा नवा ट्रॅक आला. पूल, पुढं वळण, मोडका मैलाचा दगड, पत्र्याचं चहाचं खोपटं. सगळं त्याच्या लपवलेल्या ट्रॅकातलंच! अमरेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि नावाच्या जागी काय? 'नाव तुम्हीच ठेवा.' वर ही थट्टा! गाडी त्यानं तिथंच थांबवली आणि पुढचा रस्ता न बघताच नोंद करून टाकली : 'चोराचा रस्ता'.

चोरही ठरलेलाच. कारखान्यातला शिवू, हाच खेळ खेळणारा. मागच्या महिन्यात त्यानं अमरेशचा लॅपटॉप दुरुस्त केला होता. कंपनीच्या बसमध्ये अमरेशनं त्याला गाठलं.

"माझ्या लॅपटॉपात काय काय बघितलंस?"

"कीबोर्ड बघितला की. चहा सांडला हुता तू."

"खरं सांग, शिवू."

शिवू उठून मागच्या सीटवर जाऊन बसला.

आठवडाभर त्या नावावर शर्यती रंगल्या. मग एका संध्याकाळी धाकटी बहीण काव्या दारात येऊन उभी राहिली. "अण्णा, चोर कोण रे?"

"शिवू. दुसरं कोण?"

"मी बनवलाय तो." काव्या म्हणाली. "तुझ्या लॅपटॉपाला हात न्हाय लावला. टेम्पोत मीपण असायची की! तू खिडकीशी, मी मधी, गिअरपाशी. तू अप्पांचं नाव देशील म्हणून जागा मोकळी ठेवली हुती."

अमरेशनं तिचा ट्रॅक उघडला आणि वळणाच्या पुढं गेला. उजव्या हाताला विहीर होती. विहिरीपाशी पाणी भरणारी मल्लव्वा हात वर करून उभी. अप्पा रोज तिला हॉर्न द्यायचे. त्याच्या स्वतःच्या ट्रॅकात उजवी बाजू कोरीच होती. डावीकडच्या खिडकीशी बसून ती बाजू त्याला कधी दिसलीच नव्हती. तो ढसाढसा रडला.

त्यानं खेळाच्या ग्रुपवर चूक कबूल केली, शिवूची माफी मागितली, नाव बदलू का म्हणून विचारलं. पहिलं उत्तर शिवूचं आलं : "नियम तुझाच हाय की."

नाव तेच राहिलं. आता रोज संध्याकाळी पोरं हाक देतात, 'चला, चोराच्या रस्त्यावर!' अमरेशही उतरतो. विहिरीपाशी गाडी हळू करतो, हॉर्न देतो, आणि रोज हरतो.