फोडलेल्या कांद्याचा वास

कुणी जेवताना बुक्कीने कांदा फोडला की त्या वासासरशी मला आमच्या हिर्डोशी गावातली ती दुपार आठवते. मी तेव्हा पुण्यात फ्रेंच शिकत होते, सुट्टीला घरी आले होते. वडील खाचरातून येऊन ओटीवर टेकले आणि तिथंच कलंडले. तोंड वाकडं झालेलं. फेफरं समजून चुलत्यांनी कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरला. "येतील सुदीवर, जरा थांबा," आई म्हणाली, आणि आम्ही खरंच थांबलो. ऊन कलल्यावर घाटाकडून आलेल्या टेम्पोत घालून त्यांना भोरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "उजव्या हाताने माझी बोटं दाबा बरं." वडिलांची बोटं हललीच नाहीत. डॉक्टर माझ्याकडे वळले, "सेरेब्रल स्ट्रोक." त्यातला पहिला शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा. लॅटिनमध्ये सेरेब्रम म्हणजे मेंदू. त्यावरून फ्रेंच लोक सतत विचारात जगणाऱ्या माणसाला ‘सेरेब्राल’ म्हणतात, इंग्रज डोक्याला खाद्य देणाऱ्या सिनेमाला, आणि स्पॅनिशमध्ये तो शब्द भावना बाजूला ठेवून वागणाऱ्याला लावतात. आईने माझा दंड घट्ट धरला. "काय म्हनले गं डाक्टर? तुला कळलं न्हवं?" कळलं होतं. मी वडिलांचा उजवा हात उचलून माझ्या हातात घेतला. आता मी फ्रेंच शिकवते. धड्यात तो शब्द आला की त्याचं मूळ, त्याचे अर्थ, सगळं हसतमुखाने सांगते, आणि टेबलाखाली उजव्या हाताची मूठ हळूच आवळून बघते.