धोंडूची राखण

महिपतरावांना रडताना आमच्या आळीत कुणीच पाहिलेलं नाही. पाहायची पुष्कळांची तयारी होती. वरंधच्या वरच्या अंगाची त्यांची वाडी डोंगराखाली गेली, त्यात त्यांची बायको ठमाबाई गेली, आणि महिपतराव म्हशीचं औषध आणायला महाडच्या बाजारात आले होते म्हणून तेवढे उरले, हे कळल्यावर आळीतल्या बायका पदर सावरून भेटायला गेल्या. महिपतरावांनी सतरंजी घातली, चहा सांगितला आणि विचारलं, "हितं नळाला पानी कवा येतं?"

बायका आणलेलं सांत्वन तसंच घेऊन परत आल्या.

मुलगा अनिल वीर स्टेशन ते महाड रिक्षा चालवतो. सून सोनाली पोलादपूरची, घरी बसून ब्लाऊज शिवते आणि मशीनपेक्षा जास्त बोलते. त्यांच्या दोन खोल्यांत महिपतराव येऊन बसले, ते बसलेच. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. महिपतराव उठत, दारापर्यंत चालत आणि डॉक्टरांचा मान राखून झाला की परत बसत.

शेवटी सोनालीनेच त्यांच्या फोनवर तो खेळ घातला. आपण फोन धरून चालायचं, वाटेत फोनमध्ये नाना तऱ्हेचे प्राणी दिसतात, त्यांच्यावर चेंडू टाकून ते धरायचे आणि आपल्याकडे ठेवायचे.

"म्हंजे कोंडवाडा," महिपतराव म्हणाले. समजूत पक्की झाली.

अनिलच्या रिक्षाने सोनाली त्यांना वीर स्टेशनला घेऊन गेली, तिथल्या पाटीखाली त्यांना तो सापडला. एक गोल धोंडा, त्याला दोन हात, पाय नाहीत, कपाळावर आठ्या. तलाठी जेवायला गेल्यावर रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचं असतं तसं तोंड. त्याचं कंपनीने ठेवलेलं इंग्रजी नाव सोनालीने दोनदा वाचून दाखवलं.

"धोंडू," महिपतराव म्हणाले.

आपल्याकडे ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथे पुढच्या पोराचं नाव धोंडू नाहीतर दगडू ठेवतात. मरणसुद्धा दगड उचलायला वाकत नाही, असा हिशोब. महिपतरावांनी नाव ठेवलं ते याच हिशोबाने की केवळ तोंड बघून, ते त्यांनी सांगितलं नाही. पुढे वाटेत फुलपाखरं आली, जाळ ओकणारे सरडे आले. एकालाही त्यांनी हात लावला नाही.

"बाबा, दुसरं पन कायतरी धरा की," सोनाली म्हणाली. "सारखा दगडच काय?"

"दगडाची वळख हाय माझी."

सोनाली हसायला लागली आणि मध्येच थांबली. महिपतरावांच्या तोंडावर थट्टा नव्हती. तसं त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं.

या खेळाच्या नकाशात जागोजाग नाके असतात, देवळं, पुतळे, जुन्या विहिरी असे. आपला प्राणी तिथे राखणीला बसवता येतो; दुसऱ्या कुणी तिथे येऊन त्याला हरवलं की तो आपल्याकडे परत येतो. त्या नकाशावर बोट सरकवता सरकवता सोनालीला वाडी दिसली. डोंगर अजून नकाशापर्यंत पोचला नव्हता. राहुल नावाच्या मुंबईकर चाकरमान्याने गणपतीला गावी आलेला असताना वाघजाईच्या देवळाचा फोटो पाठवून तिथे नाका करून घेतला होता. फोटोत देऊळ आणि कोपऱ्यात, पायरीवर सूप घेऊन बसलेल्या ठमाबाई. फोटो काढणाऱ्याला हाताने हुसकावत होत्या.

ठमाबाईंचा दुसरा फोटो आधारकार्डावरचा, आणि त्यात कुणीच आपल्यासारखं दिसत नाही. सोनालीने नाक्यावरचा फोटो मोठा करून भिंतीला लावला. महिपतराव त्याच्याकडे पाठ करून बसत. "त्यो फोटू हाय," ते म्हणत आणि फोनवर बोट ठेवत. "ही तिथं हाय."

अनिलने त्यांना रिक्षाने वर नेलं, आणि धोंडू देवळावर राखणीला बसला. तिकडे जाऊन त्याला हरवणार कोण? रोज सकाळी फोनमध्ये धोंडू जागेवर आहे का बघायचं आणि मग चहाला तोंड लावायचं, एवढं एक काम महिपतराव आपणहून करू लागले.

त्यात गंधार आला. गंधार म्हणजे समोरच्या गंगाधर मास्तरांचा मुलगा, बँकेत आहे. रस्त्यात केळीचं साल दिसलं तरी फोटो काढून नगरपालिकेला कळवणारा सज्जन. तोही हाच खेळ खेळतो, अर्थात नियमाने. त्याला वाडीचा नाका दिसला आणि 'हे ठिकाण आता अस्तित्वात नाही' असं त्याने कंपनीला कळवून टाकलं. आताचा फोटो आला नाही तर नाका काढू, असं कंपनीचं उत्तर आलं. ते त्याने मोठ्या अभिमानाने सोनालीला दाखवलं.

"गंधारभावजी, त्या नाक्यावर बाबांचा जीव अडकलाय!"

"वहिनी, मला खरंच माहीत नव्हतं. तिथे आता काही नाही म्हणून मी..."

"काय नाय ते आमाला ठावं हाय. तुमी कंपनीला कशाला सांगितलंत?"

गंधारचा चेहरा पडला. रविवारी आताचा फोटो काढायला वाडीवर निघालेल्या अनिलच्या रिक्षात तो महिपतरावांशेजारी गुपचूप येऊन बसला. शेजारी म्हणून मीही निघालो, पुढे अनिलच्या अर्ध्या सीटवर. ही जागा माझ्या देहाला पुरत नाही, पण त्या दिवशी मागे बसवेना.

वर गवत गुडघ्याएवढं वाढलेलं, आणि त्यात दगड. गंधारने खिशातून शेंदराची पुडी काढली.

"काका, यातला एक दगड उभा करू. शेंदूर लावला की देवस्थान झालं. मग फोटो काढू. खोटं काहीच नाही, देवी इथलीच."

महिपतरावांनी पुडी घेतली. एका दगडाला हात लावला. दुसऱ्याजवळ गेले. मग नुसतेच उभे राहिले.

"बाबा, कनचा पन चालंल," अनिल म्हणाला.

"कसा चालंल? देवीचा कौल नाय घेतला." त्यांनी पायाखाली बघितलं. "आन् कनच्या दगडाखाली कोन हाय, तुला ठावं हाय काय रे?"

अनिल रिक्षाकडे चालू लागला. महिपतरावांनी पुडी गंधारच्या खिशात परत घातली. "हाय तसा काढ फोटू."

गंधारने काढला. गवत आणि दगड. फोनमध्ये त्याच जागी देऊळ उभं होतं आणि त्यावर धोंडू आठ्या घालून बसला होता. उतरताना आम्ही वरंधला वडापाव खाल्ला. "मीठ कमी हाय," एवढंच महिपतराव बोलले.

कंपनीने नियमाप्रमाणे केलं. एका संध्याकाळी मी पाण्याची चौकशी करायला गेलो, तर महिपतराव दाराबाहेर उभे. हातात फोन. नाका गेला होता, ठमाबाईंची पायरी गेली होती, आणि धोंडू त्यांच्याकडे परत आला होता. राखण चांगली केलीस म्हणून फोनमध्ये त्याचं कौतुकही झालं होतं.

"काय झालं बाबा?" सोनालीने आतून विचारलं.

"आला गो. तिथनं येक तरी घरी आला."

मशीन थांबलं. ठमाबाईंची एक रीत होती. मुंबईहून कुणीही आलं की उंबऱ्याबाहेरच भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं, मगच घरात घ्यायचं. सोनाली लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर आलेल्या शिलाई मशीनवरूनही त्यांनी तुकडा ओवाळला होता.

सोनाली भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन बाहेर आली. तुकडा फोनवरून ओवाळला, महिपतरावांवरून ओवाळला, लांब फेकला. आळीतलं कुत्रं लगेच धावलं. मग तिने तांब्या उचलला.

"त्याच्यावर पानी नको घालू, बिघडंल," महिपतराव म्हणाले.

"बरं." तिने त्यांच्या पायांवर घातलं.

ते ओल्या पायांनी तिथेच उभे राहिले.

"म्हशीचं औशीद पिशवीतच हाय अजून," ते म्हणाले.

"असू द्या बाबा. आत या."