टिटवीसाठी काढलेला पाट

बारावीची परीक्षा संपली आणि निकाल लागेपर्यंत मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. ओट्यावरून गोठ्याकडे, गोठ्यावरून विहिरीकडे, परत ओट्यावर. "हिच्या पायाला भिंगरी लागलीय," आई म्हणायची, आणि त्यात कौतुक अजिबात नसायचं. त्यामुळे आमच्या जीवशास्त्राच्या सरांनी मुलांच्या निसर्ग शिबिरात ताई म्हणून येतेस का असं विचारलं, तेव्हा मी पुढचं काही न ऐकताच हो म्हणून टाकलं. डोंगर चढायचे, ओढे तुडवायचे, असलं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

निघालं भलतंच. शिबिर होतं नगरच्या पूर्वेला एका उघड्याबोडक्या माळावर. आमच्या देवळाली प्रवऱ्याला जिकडे बघावं तिकडे ऊस, आणि इथे नजर अडायला चार हिवराची झाडं. पाणी टँकरनं यायचं. आणि काम काय, तर बसायचं. रोज सकाळी आपापल्या गटाला हिवराखाली न्यायचं, गप्प बसवायचं आणि जे दिसेल ते बघायचं. "आपण हललो नाही, की माळ हलायला लागतो," असं सर म्हणायचे. मला तो कधीच हलताना दिसला नाही, कारण माझा पाय सारखा चालू असायचा. पोरं बरी बसायची, मीच चुळबुळायचे. दुसऱ्याच दिवशी मी पिशवी भरून ठेवली होती. फक्त घरी जाऊन काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

माझ्याकडे सगळ्यात लहान पोरं दिली होती. त्यात कोपरगावकडची एक चौथी झालेली मुलगी होती. वडिलांबरोबर ती शेतात दारं धरायची, म्हणजे एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून पाटाचं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायची. ते काम येतं याचा तिला कोण अभिमान. माळावर आल्यापासून तिला एकच काळजी, इथं पाणी कुठून आणायचं. बाभळ बघितली तरी ती आधी तिचं बूड ओलं आहे का ते बघायची.

हिवरापासून थोड्या अंतरावर टिटवीनं अंडी घातली होती. घरटं वगैरे काही नाही. सरळ मुरमात चार अंडी, तीही ठिपक्याठिपक्यांची, खड्यांत मिसळून जाणारी. हिवराच्या पुढे कुणी पाऊल टाकायचं नाही, अशी सरांची सक्त ताकीद होती.

"ताई, भुई किती तापलीय. अंडी उकडतील की," ती मुलगी म्हणाली.

"टिटवीला कळतं सगळं."

"तिला कळून काय उपेग? पानी हाय का तिच्याकडं?"

मी विषय बदलला.

दुपारी पोरांना झोपायला लावायचो. सर काहीतरी वाचत पडायचे आणि मला मात्र तंबूत जीव नकोसा व्हायचा. अशीच एका दुपारी उठून बाहेर आले, तर टिटवी डोक्यावर घिरट्या घालत जिवाच्या आकांतानं ओरडत होती. आणि खाली माझा अख्खा गट कामाला लागलेला. भांडी धुण्याच्या जागेपासून थेट अंड्यांच्या दिशेनं पाट काढला होता. पाट एवढा सुरेख की आमच्या गड्यानंही मान डोलावली असती. टँकरच्या पाण्याच्या टाकीची तोटी पूर्ण सोडलेली, आणि ती मुलगी खोरं घेऊन पुढे.

"रान गार करतोय, ताई," तिनं सांगितलं.

"अगं, अंडी पाण्यात बुडाली तर आतली पिल्लं मरतील!"

तिच्या हातातलं खोरं तसंच राहिलं. पाणी थांबत नव्हतं. एकाला तोटी बंद करायला पिटाळलं, पण पाटात होतं तेवढं पाणी उतारानं पुढे सरकत होतंच. मी धावले, गुडघ्यांवर बसून हातांनी मुरूम ओढला, पण मुरूम कसला धरतोय पाणी. काळ्या मातीची सवय झालेले माझे हात. शेवटी ओढणी काढून बोळा कोंबला, त्यावर त्या मुलीनं खोऱ्यानं चिखल ओढला, तेव्हा कुठे पाणी तुंबलं. अंडी कोरडी होती. पाणी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबलं होतं.

आरडाओरड ऐकून सर आले. मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. पण ते एवढंच म्हणाले, "सगळे हिवराखाली. अजिबात हलायचं नाही. आपण हललो तर ती उतरणार नाही, आणि ती उतरली नाही तर या उन्हात अंडी संपली."

बसलो. टिटवी लांब जाऊन उतरायची, पुन्हा उडायची. ती मुलगी रडत नव्हती, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. पिल्लं मेली तर ही पोर पुन्हा कधी खोऱ्याला हात लावेल का, हेच माझ्या मनात. उठून काहीतरी करावं असं अंगभर होत होतं, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. माझा पाय सुरू झाला. तिनं न बघताच चिखलानं भरलेला हात माझ्या पावलावर ठेवला आणि दाबून धरला.

बऱ्याच वेळानं टिटवी उतरली. अंड्यांवर नाही, आमच्या तुंबलेल्या डबक्यात. तिथं बसून तिनं पोट चांगलं भिजवलं, चार पावलं धावली, थांबली, पुन्हा धावली, आणि ओल्या पिसांनिशी अंड्यांवर जाऊन बसली.

"बगा," मुलगी हळूच म्हणाली, "तिला पानी पायजेच हुतं."

सर हसले. त्या दिवसापासून डबक्यात रोज पाणी घालायची परवानगी मिळाली. माझी पिशवीही मी रिकामी केली.

शिबिर संपलं तरी अंडी फुटली नव्हती. पोरांना न्यायला टेम्पो आला, पण ही काही चढेना. "पिल्लं निगाली का ते कोन बगनार?"

मी म्हटलं, मी बघीन. तंबू आवरायला आम्ही काहीजण थांबणारच होतो.

"आनि मला कोन सांगनार?"

"मीच येऊन सांगीन."

मग तिनं पत्ता सांगितला. कालव्याच्या पुलापाशी उतरायचं आणि कुणालाही विचारायचं.

एका सकाळी बघते तर अंडी नाहीत. सर म्हणाले, "फुटली असतील, नाहीतर मुंगसानं नेली असतील. बसून बघ." मी एकटीच हिवराखाली बसले. काही नाही. टिटवी नुसती ओरडत होती. ऊन चढलं, तरी काही नाही. आणि मग डबक्याजवळचा एक खडा चालायला लागला. त्याला काड्यांसारखे पाय होते.

मी उठलेच. टँकरमध्ये बसून नगर गाठलं, एसटी पकडली. देवळाली मागे पडली तरी उतरले नाही. दुपार कलताना कालव्याच्या पुलापाशी होते. ती शेतात दारं धरत होती. खोरं तिच्या खांद्याला लागत होतं.

"निघालं पिल्लू," मी बांधावरूनच सांगितलं. "मी डोळ्यांनी बघितलं."

तिचा चेहरा फुलला. मग ती म्हणाली, "एकच?"

"एक दिसलं."

"अंडी तर चार हुती." ती माझ्याकडे बघत राहिली. "ताई, आजून थोडं बसायचं ना."

परतीच्या एसटीची वेळ होत आली होती, पण मी बांधावरच बसले. शेवटचा वाफा भरेपर्यंत उठले नाही.